शेवटचा हात कुणाचा

आमच्या विभागात एक फाइल होती. ती इतकी लांब होती की वरून वाचायला बसलेला एक इंजिनिअर खाली पोचला तेव्हा त्याला चष्मा लागलेला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वर होता तेव्हा नव्हता, खाली आला तेव्हा होता, आणि तोही जाड काचांचा. काही लोक तर सांगतात की त्याच्या आधी निघालेला एक जण अजून खाली पोचायचाय, आणि पंखा बंद केला की फाइलच्या मधल्या भागातून त्याचा खोकला ऐकू येतो. त्यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडे पंखा कधी बंदच होत नसे.

आमची कंपनी फोन बनवत नव्हती. फोनच्या पोटात जी यंत्रणा असते, जिच्या जिवावर फोन उठतो, बसतो, बोलतो, ती बनवायची. त्यातही आमचा विभाग आवाजाचा. घंटी वाजणं, गाणं लागणं, पलीकडच्या माणसाचं बोलणं कानापर्यंत येणं, सगळं त्या एका फाइलमधून जायचं. मी तिथे ऐकणारा होतो. टेबलावर नवेजुने फोन मांडायचे, वाजवायचे आणि कुठला खरखरतो ते सांगायचं, एवढ्याचा मला पगार मिळायचा. बायको म्हणायची, ऑफिसात एवढं ऐकता, त्यातलं थोडं उरवून घरी आणत जा.

आता विभागाची रीत सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यातून झाला. कोडच्या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणी लावला, हे आमचं यंत्र लक्षात ठेवायचं. जगात कुठेही कुणाच्या फोनचा आवाज बिघडला, की ती तक्रार ज्या ओळीवर येऊन आदळे, त्या ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याच्या गळ्यात यंत्र आपोआप ती बांधून मोकळं होई. मग त्याने तिथे डोंगर उपसलेला असो, नाहीतर नुसती एक मोकळी जागा पुसलेली असो. ज्याचा हात शेवटचा, त्याची तक्रार. आणि तिचंच दुसरं टोक असं, की ज्याची ओळ, त्याच्या होकाराशिवाय ती दुसऱ्याने बदलायची नाही. तो नोकरी सोडून गेला असेल तर मात्र होकाराचा प्रश्न नाही.

लोकांना जबाबदारी कळावी म्हणून कुणा शहाण्याने हा नियम काढला होता. लोकांना फारच कळली. जुन्या ओळीला कुणी हातच लावीना. काही नवं करायचं झालं तर जुन्याच्या अंगावरून उडी मारून खाली चार ओळी चिकटवायच्या आणि पाय न वाजवता निघून जायचं. सगळ्यात सुखाच्या ओळी म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांच्या. तिथली तक्रार जायची त्यांच्या नावाने, ते तर केव्हाचेच गेलेले, म्हणजे ती पडायची तळ नसलेल्या पेटीत. असं साचता साचता जवळजवळ सगळी फाइल गेलेल्यांच्या नावावर झाली. बाहेर दुनिया बोंबलत होती आणि आमच्या खोलीत अशी शांतता, की दुसऱ्या विभागातली झोप न येणारी माणसं दुपारी आमच्याकडे येऊन बसत.

फोन खरखरला की उपाय ठरलेला. आवाज पाण्यासारखा असतो. एक जण बादलीत ओतत असतो आणि स्पीकर त्या बादलीतून उपसत असतो. उपसायला आला आणि बादली रिकामी दिसली, की खर्र. आमचा माणूस मग बादली का भरली नाही हे बघायच्या भानगडीत न पडता खाली एक ओळ चिकटवायचा, ‘जरा थांब’. पापणी लवायच्या आत संपणारं थांबणं. तेवढ्याने खरखर जायची. पुढचा यायचा, त्याला वेगळी खरखर सापडायची, तोही आपला एक थांबा ठेवून जायचा. नोकरीतून निवृत्त होताना लोक झाड लावतात, आमच्याकडे थांबा लावत. काहींच्या शेजारी टिपा होत्या. ‘हे का चालतं माहीत नाही.’ त्याखाली दुसऱ्या कुणाची, ‘मलाही नाही.’ त्याखाली तिसऱ्याची, ‘हात लावलास तर तुझं तू बघ.’

या सगळ्यावर राज्य होतं राहूद्या साहेबांचं. त्यांचं खरं नाव आम्हाला पगाराच्या दिवशीच आठवायचं. “साहेब, एकच काम दोन ठिकाणी दोनदा होतंय.” “राहू द्या.” “साहेब, छतातून पाणी गळतंय, कॉम्प्युटरवर पडतंय.” “राहू द्या, उन्हाळ्यात थांबेल.” उन्हाळा आला, पाणी थांबलं, आणि साहेबांना बढती मिळाली.

अशा राज्यात केरसुणी आली, विभागातली नवी इंजिनिअर. आल्या आल्या तिने स्वतःचं टेबल पुसलं, मग शेजारचं, मग माझं. मग स्क्रीनवर ती फाइल उघडून थोडा वेळ बघत बसली आणि मोठ्याने म्हणाली, “हा कचरा कुणाचा?”

“बाई, तो कचरा नाही,” चष्मेवाला म्हणाला. तोच तो, फाइलमध्ये डोळे घालवून आलेला. “तो पाया आहे.”

“पायाला वास येत नाही,” ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचं नाव केरसुणी पडलं. ठेवणाऱ्याने चिडवायला ठेवलं होतं. तिने ते स्वतःच्या कपावर लिहून टाकलं.

एके दिवशी ती माझ्याकडे आली. “काका, रविवारी माझ्या आत्याकडे चला. तुमच्या कानांचं काम आहे.”

“आत्याला काय झालं?”

“आत्याला काही होत नाही. तिच्या फोनला झालंय.”

आत्याने केरसुणीला लहानाची मोठी केलं होतं. आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. टॅक्सी स्टँडच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर तिची एकच खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर बटणांचा एक जुना फोन, पाठीला उशी बांधलेली लाकडी खुर्ची. भिंतीवर एकही चित्र नाही. “ज्याला बघायचं असेल त्याने आपलं घेऊन यावं,” आत्या म्हणाली आणि मला बसायला सांगितलं.

ती त्या स्टँडची सूत्रधार होती. गिऱ्हाइकांचे निरोप तिच्या फोनवर यायचे, चालकांचेही यायचे. फोन ते तिला वाचून दाखवायचा, आणि कुणी कुठे जायचं ते ती ठरवायची. चालक मंडळी समोर तिला आत्या म्हणत आणि पाठीमागे कंट्रोल. फोनच्या वाचण्याचा वेग तिने असा लावला होता की आपल्याला नुसती तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर ऐकू यावी. एकदा तिने दूध तापत ठेवलं, ते उतू जायच्या आत फोनने तिला सबंध वर्तमानपत्र वाचून दाखवलं, जाहिरातींसकट. उरलेल्या वेळात तिने साय काढून ठेवली.

“ऐका,” आत्या म्हणाली आणि एक बटण दाबलं.

मी ऐकलं. बटण दाबलं, आणि मग, एक श्वास घेऊन सोडता येईल एवढ्या वेळाने, फोन म्हणाला, “बुटका.” तोवर आत्याचं बोट चालकांच्या यादीत दोन नावं पुढे गेलेलं होतं.

“कळलं?” ती म्हणाली. “मी मिशीवाल्यावर असते तेव्हा हा मला बुटका सांगतो. परवा एका बाईला दवाखान्यातून घरी यायचं होतं. पाय प्लास्टरमध्ये. तिच्यापुढे एकही गाडी नाही, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्यापुढे तीन गाड्या. न्हावी म्हणाला, तीन डोकी आलीत, बसा.”

“मग हळू चाल ना थोडी, आत्या,” केरसुणी म्हणाली.

“मी हळू चालू? बोळातली गाडी कुठे वळते ते कळायच्या आत मला पुढची पाठवायची असते. तू ऑफिसात काय करतेस? हा आवाज तुझ्याच ऑफिसातून येतो ना?”

“हो.”

“मग त्याला सांग, वेळेवर तोंड उघड. नाहीतर महिनाअखेरीला स्टँडवाले मला उठवताहेत. गॅरेजवाल्याच्या मेव्हण्याला बसवणार म्हणे. त्याला डोळे आहेत. डोळे म्हशीलाही असतात.”

“नवा फोन घेऊ या,” केरसुणी चाचरत म्हणाली.

“तो गुळगुळीत? तो म्हणजे आरसा. आरशाचा मला काय उपयोग, सांग. माझं तोंड कसं दिसतं ते शेजारीण न विचारता सांगते.” मग वेगळ्याच आवाजात, “हे काम गेलं तर मी कुणाची कोण, बाई? तुझ्या घरी येऊन कोपऱ्यात बसू? मी नाही बसणार. ऐकून ठेव.”

आम्ही परत निघालो. स्टँडवरून वळताना केरसुणी म्हणाली, “त्या थांब्यांमुळे आहे, काका. सगळे एकावर एक साचलेत.”

पुढच्याच आठवड्यात राहूद्या साहेबांनी बैठक बोलावली. जुन्या फोनवाल्यांच्या बोंबा तळ नसलेल्या पेटीत न मावता वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या आणि वरून विचारणा आली होती. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा निर्णय घेतला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा उजळला होता.

“पुढच्या अपडेटपासून,” ते म्हणाले, “बटणांच्या फोनवरचा वाचून दाखवणारा आवाज बंद. आवाजच नाही, तर उशीर कसला?”

चष्मेवाल्याने टाळी वाजवली. एकच वाजली, कारण दुसऱ्या कुणी साथ दिली नाही.

“साहेब,” केरसुणी उभी राहिली, “जिना चढताना धाप लागते म्हणून वरचा मजला पाडणार का?”

“तुम्ही बसा.”

“उशीर फोनमुळे नाही, आपल्यामुळे आहे. मी ती फाइल साफ करते. सगळे थांबे काढते आणि खरखर कुठून येते ते शोधते. अपडेटला अजून वेळ आहे.”

“राहू द्या.”

“नाही राहू देणार.”

पंख्याचं एक पातं हवेतच अडकलं, शपथ. त्या खोलीत हे वाक्य आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. साहेबांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं, चष्मेवाल्याने चष्मा काढला, म्हणजे बघायची जबाबदारी नको.

“कुणासाठी हे सगळं?” साहेबांनी विचारलं. “तो आवाज वापरतं कोण?”

“माझी आत्या वापरते.”

“एका आत्यासाठी?”

“आत्या प्रत्येकाला एकच असते, साहेब. पण अशा आत्या जगात बऱ्याच आहेत.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, “लावा हात. खुशाल लावा. पण लक्षात ठेवा, ओळन् ओळ तुमच्या नावावर येईल. मग सगळ्या दुनियेची बोंब तुमच्या एकटीच्या कानात. तेव्हा मी मध्ये पडणार नाही.”

“पडू नका,” ती म्हणाली. “लागेल.”

आणि तिने बाह्या सरसावल्या.

तिची पद्धत अशी. एक थांबा काढायचा, फोन माझ्यापुढे ठेवायचा, मी ऐकायचं. मी म्हणायचो, खरखरला. मग पुन्हा थांबा घालायचा नाही. ती खरखर जिथून निघाली तिथपर्यंत मागे मागे चालत जायचं. वाटेत तिला काय काय सापडलं! कधीच बाजारात न आलेल्या फोनसाठीचा आवाज होता. नोकरी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरच्या वाढदिवसाला घंटी बदलणारी एक ओळ होती, आणि दरवर्षी त्या दिवशी जगभरच्या लोकांना आपला फोन एवढा आनंदी का वाटतो हे कोडं तिथे सुटलं. दोन तुकडे असे होते की पहिला दुसऱ्याला विचारी, आवाज किती ठेवू? दुसरा म्हणे, थांब, पहिल्याला विचारून सांगतो. ही चौकशी किती वर्षं चालली होती देव जाणे. केरसुणीने दोघांनाही एका फटक्यात घरी पाठवलं.

फाइल हलकी होत गेली तशी खोलीही हलकी झाली. आधी दहा माणसांना न हलणारं मोठं कॉम्प्युटर-कपाट एका संध्याकाळी वाऱ्याने सरकलं. चष्मेवाल्याच्या चष्म्याचा नंबर उतरला, त्याला ते अजिबात आवडलं नाही.

पण मूळ खरखर काही सापडेना. अपडेटचा दिवस जवळ आला. थांबे निघाले होते, उशीर गेला होता, पण बटणांचा फोन बोलायला लागला की फुटक्या मडक्यात खडे हलवल्यासारखा. एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली.

“काका, या फोनला स्पीकर किती?”

“एक.”

“नक्की?”

मी फोन कानाशी धरून ऐकला, मग स्क्रू काढून उघडला. “एकच आहे की गं.”

ती खुर्चीवर बसली आणि हसायलाच लागली, थांबेच ना. “अहो काका, हा दुसऱ्याची वाट बघतोय!”

सगळ्यात पहिल्या माणसाने ते कोड दोन स्पीकरांच्या फोनसाठी लिहिलं होतं. त्यामुळे बादलीतली अर्धी जागा दुसऱ्या स्पीकरसाठी राखून ठेवली जायची. ती रिकामीच राहायची, उपसणारा तिच्यापाशी आला की खर्र. त्यावर कहर म्हणजे, प्रत्येक शब्द बोलून झाला की यंत्रणा दुसऱ्या स्पीकरला विचारायची, तुझं झालं का? उत्तर कोण देणार? मग कंटाळेपर्यंत वाट बघायची. ताटं वाढलेली, एका पाहुण्यासाठी सगळं घर उपाशी खोळंबलेलं, आणि तो पाहुणा जन्मालाच आलेला नाही. बाकीच्यांचे सगळे थांबे त्या एका चुकीवर घातलेली ठिगळं होती.

“आता काय करणार?”

“फोनलाच विचारणार, बाबा रे, तुला स्पीकर किती? तो सांगतो की. आजवर कुणी विचारलंच नाही.”

त्या दुपारी तिने बटणांचा फोन माझ्या हातात दिला. मी बटण दाबलं, आणि बोट वर यायच्या आत फोन बोलला. ना खर्र ना खुर्र. मी दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. उगाच दाबत बसलो. माझ्या हातातून तो फोन ओढून घ्यावा लागला.

रीतीप्रमाणे नवा आवाज आधी थोड्या लोकांच्या फोनवर गेला. आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं. ओळन् ओळ केरसुणीच्या नावावर चढली होती. त्या घटकेला तळ नसलेल्या पेटीला तळ मिळाला, आणि वर्षानुवर्षं पडत असलेल्या तक्रारी उसळून तिच्या स्क्रीनवर आल्या. दर तक्रारीला टिंग असा आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी टिंग-टिंग-टिंग. दुसऱ्या दिवशी नुसती एक लांबच लांब टिंग.

एकाने लिहिलं, गजर आता वेळेवर वाजतो, मला उशिरा उठायची सवय आहे, पूर्ववत करा. एका बाईने लिहिलं, पूर्वी नवऱ्याचं बोलणं उशिरा ऐकू यायचं, तेवढ्यात मी उत्तर तयार ठेवायचे, आता पंचाईत होते. पण काही तक्रारी खऱ्याही होत्या. एका जातीच्या फोनला खरोखर दोन स्पीकर होते, आणि तो विचारल्यावर एक सांगत होता, त्यामुळे गाणं एकाच बाजूने यायचं. केरसुणीने वाचलं आणि म्हणाली, “ही माझी चूक. तो खोटं बोलू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.” तिने ती दुरुस्त केली आणि लिहिणाऱ्याला स्वतः फोन लावून सांगितलं. तो माणूस घाबरून म्हणाला, “मला वाटलं तिकडे कुणी राहत नाही.”

राहूद्या साहेब लगबगीने आले. एवढ्या लगबगीने ते फक्त घरी जाताना चालत.

“झालं समाधान?” ते म्हणाले. “आता जुनं परत बसवा. आणि अपडेटमध्ये तो वाचणारा आवाज बंद.”

“नाही,” केरसुणी म्हणाली. मान वर न करता. टिंग, टिंग, टिंग.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही.”

“ठीक आहे, मी बसवतो.” साहेबांनी स्वतःच्या यंत्रावरून हुकूम सोडला. यंत्राने विचारलं, ओळींच्या मालकिणीचा होकार? साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आजवर मालक सगळे गेलेलेच असायचे, होकार म्हणजे काय ते साहेब विसरून गेले होते.

“द्या होकार.”

“नाही देत.”

“अहो, मी तुमचा साहेब आहे!”

“तुम्ही माझे साहेब आहात. ओळी माझ्या आहेत. तुम्हीच दिल्यात.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मग तुम्हाला काढून टाकतो. तुम्ही गेलात की होकार लागत नाही!”

“बरोबर आहे.” आता तिने खुर्ची वळवली. “काढा मला. आत्ता काढा. मग जुनं परत बसवायला इथल्या कुणाला तरी त्या सगळ्या ओळींना हात लावावा लागेल. शेवटचा हात त्याचा. कोण लावतंय?”

टिंग, टिंग, टिंग, टिंग.

साहेबांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. “साहेब, मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय,” चष्मेवाला म्हणाला.

“कधी?”

“तुम्ही सांगाल तेव्हा.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी ऐकणारा माणूस, साहेब,” मी म्हणालो. “माझ्या बोटांना काय कळतंय?”

शेवटी साहेब स्वतः तिच्या खुर्चीवर बसले. ती बाजूला उभी राहिली, हाताची घडी घालून. साहेबांनी बोट पुढे केलं. बोट बटणाच्या वर आलं आणि तिथेच राहिलं. पडद्यावर तक्रारी खालून वर सरकत होत्या, वाढदिवसाची घंटी परत हवी म्हणणाऱ्यांचीच एक रांग होती. मी साहेबांच्या श्वासाचा आवाज ऐकला. सांगतो, थोडी खरखर होती.

“दाबा ना,” केरसुणी म्हणाली. “मी नाही अडवत.”

साहेबांनी बोट मागे घेतलं, खिशात घातलं आणि त्यावर रुमाल ठेवला. उठून सरळ आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. अपडेट गेलं, जसंच्या तसं, आवाजासकट.

तिला त्यांनी सोडलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल लिफ्टशेजारच्या सामानाच्या खोलीत गेलं. खोलीला खिडकी नाही, दारावर पाटी, ‘तक्रार विभाग’. विभागात माणूस एक. पुढची पगारवाढ कुणाला मिळाली ते सांगायला नकोच, त्याचा दात अजून दुखतोय. केरसुणीने आधी ती खोली पुसून काढली, मग कप ठेवला, मग पहिली तक्रार उघडली.

महिनाअखेरीला तिने मला निरोप पाठवला, संध्याकाळी आत्याकडे या, स्टँडवाले येताहेत.

मी पोचलो तेव्हा खोली भरली होती. बुटका, मिशीवाला, आणखी चार चालक, मधोमध गॅरेजवाला, आणि त्याच्या मागे त्याचा मेव्हणा, हातात गुळगुळीत नवा फोन घेऊन. कुणी बसलं नव्हतं. केरसुणी भिंतीला टेकून उभी होती.

“आत्या,” गॅरेजवाल्याने घसा साफ केला, “वाईट वाटून घेऊ नका. तुमची सेवा मोठी. पण आम्ही सगळ्यांनी मिळून असं ठरवलंय की...”

फोन चरचरला. “एक मिनिट,” आत्या म्हणाली. तिची बोटं फिरली, आणि प्रत्येक बोटाबरोबर, त्याच क्षणाला, फोन बोलत होता. मधे रिकामी जागाच नव्हती. “बुटक्या, दवाखान्याचं मागचं दार. आजोबा आहेत, चाकाची खुर्ची. पळ.”

बुटका गॅरेजवाल्याकडे बघत होता.

“इथे का बघतोस? आजोबा तिकडे आहेत.”

बुटका गेला.

“तर आम्ही असं ठरवलंय...”

“मिशीवाल्या, स्टेशन, दोघं जण, तीन पेट्या. टपावरची दोरी घे. आणि तू, हो तूच, दाराशी नखं खातोयस तो, शाळेपाशी बाई उभ्या आहेत. त्यांच्या शेजारच्या रस्त्यावर न्हाव्याकडून एक गिऱ्हाईक आहे, या वेळी खरोखरच एकच आहे, तेही वाटेत घे.”

“आत्या, आम्ही बोलायला आलोय!” गॅरेजवाला ओरडला.

“बोल की. मी काय तुझं तोंड धरलंय? तोंड बोलतं, गाड्या उभ्या राहतात, गिऱ्हाईक पायी जातं. बोल.”

तेवढ्यात मेव्हण्याने नव्या फोनवर तेच निरोप उघडले होते. तो डोळे बारीक करून वाचत होता, बोट वर सरकवत होता, खाली सरकवत होता. “हे स्टेशनवालं,” तो म्हणाला, “हे मी पाठवू का?”

“स्टेशनवाला पुलावर पोचला, बाळ,” आत्या म्हणाली.

आणि खोली रिकामी होत गेली. एकेक करून ती माणसं जिन्याने खाली उतरली, कारण त्यांचं गिऱ्हाईक कुठेतरी उभं होतं आणि आत्याने त्यांना ते बरोबर सांगितलं होतं. शेवटी गॅरेजवाल्यालाच एका बंद पडलेल्या गाडीचा निरोप आला, रस्त्याच्या मधोमध, मागे रांग लागलेली. तो दारापर्यंत गेला, परत वळला, काहीतरी बोलणार होता, आणि मग तसाच धावत सुटला. जे ठरलं होतं ते ठरवणारा एकही जण खोलीत उरला नाही.

उरला तो मेव्हणा. हातातल्या आरशाकडे बघत.

“तुला गाडी चालवता येते?” आत्याने विचारलं.

“येते.”

“मग इथे काय करतोस? बाजाराच्या तोंडाशी एक कुटुंब पावणेदोन तास... नाही, तेवढं नाही, पण बायको नवऱ्याला म्हणतेय तेवढं झालंय. जा.”

तो गेला. केरसुणी पुढे झाली, तिला काहीतरी म्हणायचं होतं, डोळे भरून आले होते.

“मागे हो,” आत्या तिच्यावर खेकसली, “कानावर सावली पडते तुझी.” आणि पुढचं बटण दाबलं.